पाळण्याचा भाव

धारवाडच्या त्या बाईंची आणि पाळण्याची गोष्ट आमच्याकडे पाहुणा आला की सांगितली जाते, आणि दरवेळी ती माझी बायको सांगते. मी तिथेच खुर्चीत बसलेला असतो. तिच्या सांगण्यात बाई फार चांगल्या असतात, मी अक्कल गहाण टाकलेला असतो, आणि पाहुणे चहाच्या कपामागून माझ्याकडे बघत हसतात. मध्यंतरी मुलीला बघायला आलेली मंडळीसुद्धा हसली. त्या दिवशी ठरवलं की हे आता आपणच लिहून काढायचं. घडलं ते तसंच घडलं, त्यात मी बदल करणार नाही. पण माझ्या जागी दुसरा कुणीही धंदेवाला असता तर त्यानेही तेच केलं असतं, एवढं वाचणाऱ्याला पटलं तरी पुरे.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, खिळे, कुलपं. हे दुकान मला वाडवडिलांनी दिलेलं नाही. अळनावरजवळच्या खेड्यातून मी हुबळीला आलो तो पोती उचलायला. मग हातगाडीवर कुलपं विकली, मग दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून विकली, आणि मग ती पायरी दुकानासकट घेतली. यात जे काही शिकलो ते एवढंच, की सांगितलेला भाव हा भाव नसतो, ती बोलण्याची सुरुवात असते. मी दहा म्हणायचं, गिऱ्हाइकाने पाच म्हणायचं, मी कपाळाला हात लावायचा, त्याने पाठ फिरवून चालू लागायचं, मी हाक मारायची, आणि सातावर दोघांनीही आपणच जिंकलो असं समजून घरी जायचं. काही लोक याला फसवाफसवी म्हणतात. मी ओळख म्हणतो. ज्याच्याशी भांडून भाव केला तो माणूस मला पुढच्या वेळी लांबून ओळखू येतो. मुकाट्याने पैसे टाकून गेलेल्याचं तोंडही आठवत नाही.

जुन्या वस्तू ऑनलाइन विकायचा नाद मुलीमुळे लागला. एका गिऱ्हाइकाने जुनं घर पाडताना निघालेलं हातभर पितळी कुलूप माझ्याकडे आणून टाकलं होतं. मुलीने त्याचा फोटो ॲपवर चढवला आणि बंगळूरच्या एका माणसाने ते घेतलं. चावी हरवली आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर म्हणाला चावी नकोच, भिंतीवर टांगायचंय. कुलूप घेऊन चावी न मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. अशी माणसं जगात आहेत म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसणं मला जमलं नाही. दर रविवारी मी गुजरीवाल्यांच्या, म्हणजे भंगाराच्या वखारींतून हिंडू लागलो. कॉफीचे फिल्टर, पितळी स्टोव्ह, कंदील, शिवणयंत्राचे लोखंडी पाय. नवनगरच्या आमच्या घराची मागची खोली भरली.

"दुकानातलं लोखंड कमी पडतंय होय?" बायको म्हणाली.

"हा छंद आहे."

"लोक गाण्याचा छंद करतात. निदान जागा तरी लागत नाही."

छंद म्हटला तरी भाव करणं मी सोडलं नाही. ॲपवरची माणसं मात्र फार कोरडी. ना रामराम, ना काय कसं काय. 'लास्ट प्राइस?' एवढंच लिहितात. मी लिहायचो, 'आधी फर्स्ट तर ऐका.' एकाने माझ्या स्टोव्हला डबा म्हटलं, त्याला मी जे उत्तर लिहिलं ते मुलीने वाचलं.

"अप्पा, असलं लिहू नका. ते लोक रेटिंग देतात."

"देऊ दे. मीही त्याला देतो."

"तुम्ही दिलंयच की. त्याच्या आजोबांपर्यंत दिलंय."

तर पाळणा. तो मला एका वखारीत मोडक्या कपाटाखाली सापडला. देवादिकांची चित्रं रंगवलेला महागडा पाळणा नव्हे. तसले कलघटगीला करतात आणि त्यांचा भाव मला ठाऊक आहे. हा साधा होता. कातलेल्या दांड्या, त्यांवर लाखेचे तांबडे, पिवळे, हिरवे पट्टे, चार साखळ्या, साखळ्यांना पितळी कड्या. लोखंडाचा एक खिळा कुठे नव्हता, सगळं लाकडी खुंट्यांवर बसवलेलं. काठावरचा रंग हात लागून लागून गेला होता. गुजरीवाल्याशी मनसोक्त भांडून मी तो घेतला आणि रिक्षात घालून घरी आणला. बायकोने फाटकातच अडवलं.

"रिकामा पाळणा घरात आणायचा नाही."

"का बरं?"

"नाही म्हटलं ना."

तिने तेव्हा पुढे दोन शब्द बोलून पाळण्याबाबत काय पाळायचं असतं ते सांगितलं असतं, तर पुढचा प्रकार झालाच नसता. पण हे 'नाही म्हटलं ना' तिच्या गोष्टीत कधीच येत नाही. पाळणा गेला दुकानाच्या माळ्यावर.

पाच हजार मिळावेत अशी माझी इच्छा होती, म्हणून मी आठ लिहिले. संध्याकाळी फोन आला. धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एक बाई. आवाज वयस्कर, पण खणखणीत. मुलगी बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता, रविवारी बारसं होतं.

"अण्णा, पाळणा जुना आहे ना? पोरं वाढलीत ना त्यात?"

"वाढली असतील की अक्का. काठ बघा किती झिजलाय."

"मग ठेवा माझ्यासाठी. आठ देते."

मी थांबलो. त्याही थांबल्या. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला.

"अक्का, आठ सांगितलेत," मी म्हणालो.

"हो, आठच देते म्हणाले मी. फक्त रविवारी सकाळी पाळणा इथे टांगलेला पाहिजे. जावयाकडची माणसं येणार आहेत. पहिला पाळणा माहेरचा लागतो, आणि आमच्याकडे नुसता तुळईचा हूक आहे."

आता सांगा. आयुष्यभर ज्याने आठ म्हणून पाच घेतले, त्याला आठाला आठ मिळाले तर त्याने आनंद मानायचा? मला जेवण गेलं नाही. ज्या बाईने फोटो बघून एक रुपया कमी करा म्हटलं नाही, तिला त्या फोटोत असं काही दिसलंय जे मला हातात घेऊन दिसलेलं नाही, असाच त्याचा अर्थ. शेजारच्या कापडवाल्याला विचारलं. तो गादीवर रेलून म्हणाला, "आठाला आठ? मग माल ऐंशीचा असणार." हा माणूस धंद्यात माझ्यापेक्षा मुरलेला आहे. त्याला कुणी मूर्ख म्हणत नाही, हे लक्षात घ्या.

मी पितळी कड्या सोडवून ओळखीच्या सराफाकडे नेल्या. त्याने कसोटीवर घासल्या आणि पितळ आहे म्हणाला. परत घास म्हटलं, तर म्हणाला, "परत घासलं तरी पितळच निघेल." एका दांडीच्या खालच्या अंगाचा रंग खरवडला, न जाणो आत चंदन असायचं. फर्निचरवाल्याला बोलावून वास घ्यायला लावला. तो म्हणाला सागवान आहे, चांगलं आहे, पण वास तुझ्या हाताला लागलेल्या पॉलिशचा येतोय.

मग मी बाईंची परीक्षा घेतली. फोन केला आणि सांगितलं की दुसरं एक गिऱ्हाईक दहा देतंय. आता तरी त्या चिडतील, शब्द दिला होता म्हणतील, शेवटी साडेआठवर येतील, आणि मला रात्री झोप लागेल.

"बरं," बाई म्हणाल्या. "दहा देते. पण रविवार चुकवू नका हां अण्णा. पाळणा आला नाही तर मला त्या माणसांपुढे मान खाली घालावी लागेल."

मी फोन ठेवला आणि माळ्यावर चढलो.

शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी तो पाळणा खुंटी खुंटी काढून सुटा केला. कुठे पोकळी आहे का, तळाला दुहेरी फळी आहे का, दांडीत काही भरलंय का. शेंगदाण्याची टरफलं निघाली, फुटक्या बांगडीचा तुकडा निघाला, एक घुंगरू निघालं. बाकी नुसती धूळ. आता तो परत जोडायचा. मी बिजागऱ्यांचा माणूस. कुठलीही दोन लाकडं मला द्या, मी ती धरून ठेवीन. पण या पाळण्याच्या चारी बाजू दिसायला सारख्या आणि बसायला वेगळ्या. इकडची खुंटी तिकडे जाईना. वैतागून मी ड्रिल हातात घेतलं, चार बोल्ट मारले की प्रश्न मिटला. आत काय निघतंय ते बघायला फर्निचरवाला येऊन बसला होता, त्याने ड्रिलची वायरच काढली.

"जुनं लाकूड आहे. फाटेल. मग बोल्टला साखळी बांधून पोर टांग."

दोघांनी मिळून तीन कोपरे बसवले. चौथ्या कोपऱ्याची खुंटी सापडेना. मी दुकान झाडलं, खिळ्यांचे खोके उपडे केले. दुर्गदबैलात ओट्यावरून घरंगळलेली वस्तू परत मिळत नाही, आणि माझी खुंटी ओट्यापर्यंत नक्की गेली होती.

रविवारी सकाळी मालाची रिक्षा केली. धारवाडपर्यंत भाडं द्यायचंच तर एका कामाला का द्यायचं, म्हणून घरून तांब्याचा एक बंबही चढवला. तिथल्या एका बंगलेवाल्याला तो व्हरांड्यात झाड लावायला हवा होता, बघून ठरवतो म्हणाला होता. पाळणा तीन कोपऱ्यांवर, चौथ्याला सुतळी.

बाईंच्या घरात शिरलो तर सगळं तयार. तुळईच्या हुकाला झेंडूची माळ, खाली रांगोळी, आणि मधे काही नाही. सतरंजीवर जावयाची आई बसली होती आणि इतर बायकांशी बोलता बोलता त्या रिकाम्या हुकाकडे बघत होती. घरच्या बाई पुढे आल्या. लहानखुऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"आलात अण्णा. बसा, आधी चहा घ्या."

"चहा नंतर. आधी मला एक सांगा," मी म्हणालो. माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्याला मी काय करू. "या पाळण्यात काय आहे? तुम्ही भाव का नाही केला?"

सतरंजीवरचं बोलणं थांबलं. बाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"पाळण्याचा भाव करतात का कधी?"

"सगळ्याचा करतात."

"पाळण्याचा नाही. पाळण्याला कमी करा म्हणायचं म्हणजे पोराच्या आयुष्याला कमी करा म्हणायचं. आमच्यात असं बोलत नाहीत. परवडला तर घ्यायचा, नाही तर दुसरा बघायचा."

"आणि मी दहा म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा तुमच्या नावाने बोटं मोडली. पण फोन ठेवून." त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात पाळणा नव्हताच. आईच्या लुगड्याची झोळी बांधायचे आढ्याला."

"मग तुम्हाला कोण सांगणार," त्या म्हणाल्या. टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी तो मारलाच नाही.

बाहेरून जावयाच्या आईचा आवाज आला, "विहीणबाई, वेळ होत आली. पाळणा आलाय म्हणता, मग बांधत का नाहीत?"

बाईंनी पदर खोचला. "चला अण्णा, टांगा."

मी सुतळीबद्दल सांगितलं.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हमालीच्या पहिल्याच दिवशी मी पोतं फाडलं होतं तेव्हाची शेटजींची नजर मला आठवली. मग मी इकडेतिकडे बघितलं. फळीवर लाटणी होती.

"एक लाटणं द्या. जुनं. आणि विळी."

त्यांनी दोन लाटणी दाबून बघितली आणि त्यातलं वाईट दिलं. एवढ्या घाईतसुद्धा. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी लाटण्याचं टोक कापलं, तासलं, भोकाला लावून बघितलं, परत तासलं. चौथ्यांदा बसवली तेव्हा खुंटी अशी घट्ट गेली की चारही कोपरे एकदम सरळ झाले. पाळणा हुकाला लागला. बायकांनी खालून वरून बाळ फिरवायला सुरुवात केली, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मी चौथ्या कोपऱ्याखाली दोन्ही हात पसरून उभा. एक म्हातारी म्हणाली, "हे कोण, मामा का?" दुसरी म्हणाली, "मामाच असणार, किती जपतोय." बाळ पाळण्यात ठेवलं. पाळणा एकदा करकरला आणि मग झुलायला लागला. माझे हात खाली आले तेव्हा खांदे भरून आले होते. जावयाची आई काठावरून हात फिरवत म्हणाली, "जुना दिसतोय. चांगला आहे. यात पोरं वाढलीत." बाईंनी नुसती मान हलवली, पण किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दोनदा खुळखुळवला.

त्यांनी मला दारापाशी दहा हजार दिले. मी आठ ठेवून दोन परत केले.

"नको. आता कमी घेतलेत तरी ती घासाघीसच झाली."

"मग लाटण्याचे वजा करा."

"लाटण्याचे दोन हजार? सोन्याचं होतं?"

"पण मी ते दोन उगीच वाढवले होते."

"मला माहीत आहे. तरी नको."

माझ्याशी भाव करायला लोक हुबळीभरातून येतात, आणि इथे मला माझाच भाव उतरवता येईना. मग मला युक्ती सुचली. मी आत गेलो, बाळाच्या उशाशी दोन हजार ठेवले आणि मोठ्याने म्हणालो, "मामाचा आहेर." आहेर परत करता येत नाही. सगळ्या बायका बघत होत्या. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला फार बरं वाटलं. हा भागही बायकोच्या गोष्टीत येत नाही.

मी रिक्षाकडे वळलो. त्या मागोमाग आल्या आणि बंबाजवळ उभ्या राहिल्या.

"हा कितीला?"

"विकलाय."

"पैसे आले?"

"बघून ठरवणार आहेत. झाड लावायला पाहिजे त्यांना."

"बंबात झाड?" त्यांनी बंबावर टिचकी मारली. "बाळंतिणीला इथे रोज पातेली पातेली पाणी तापवतोय आम्ही. एष्टु, किती ते सांगा."

"पाच हजार."

"दोन."

मी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड उतरल्यासारखं वाटलं. "अक्का, तांब्याचं वजन तरी बघा," मी सुरू केलं, आणि त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू. पोर आत्ताच झोपलंय."

तेव्हा पुढचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं. कुजबुजत रागावणं किती अवघड असतं ते करून बघा. माझ्या मानेच्या शिरा ताठ, आणि तोंडातून नुसता वारा.

"तोटी गळते," त्या कुजबुजल्या.

"वायसर बदलला की थांबते. वायसर मी देतो."

"ही पोच?"

"पोच म्हणजे जुन्याची खूण."

"मग माझ्या अंगावर चार आहेत, मला कुणी जास्त देत नाही. आतली जाळी कुठाय?"

"जाळी नव्हतीच."

"म्हणजे निखारे हातात धरायचे. अठराशे."

"खाली जाताय तुम्ही."

"जाळी नाही हे मघाशी कुठे माहीत होतं?"

मी रिक्षात बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, चल. तोही हुबळीचाच. त्याने गाडी सुरू केली आणि चालत्या माणसाच्या वेगाने न्यायला लागला. कोपऱ्यावर मी मागे बघितलं. त्या दारात उभ्या राहून बघत असणार, हाक मारणार. दारात कुणी नव्हतं. त्या आत निघून गेल्या होत्या. असं आत जायला किती बळ लागतं हे मला माहीत आहे, मला स्वतःला ते आयुष्यात मोजक्याच वेळा जमलंय.

"बंगलेवाल्याकडे जायचं का?" ड्रायव्हरने विचारलं.

"मागे घे."

बावीसशेवर ठरलं. मी गुजरीवाल्याला दिले होते त्यापेक्षा कमी. वर वायसर माझा आणि पुढच्या रविवारी जाळी आणून बसवायची तीही माझी. बंब मीच उचलून न्हाणीघरात ठेवला, पाळण्याजवळून पाय न वाजवता. त्याची मजुरी वेगळी पडेल, असं मी शक्य तितक्या रागाने कुजबुजलो.

"पानं मांडलीत," बाई म्हणाल्या. "जेवून जा. मजुरी त्यात आली."